काटा हलेना, कंटाळा जाईना: संक्रांतीच्या तोंडावर वजनाचं काय करायचं?

काठवट
४ जानेवारी, सकाळी ७:४०

दिवाळीनंतर वजन उतरवायला घेतलेल्यांचा हा नववा-दहावा आठवडा. पहिल्या महिन्यात काटा भराभर उतरतो, पँट ढिली होते, चार लोक विचारतात. आता कुणी विचारत नाही. काटा आठवड्याला दोनशे-तीनशे ग्रॅमवर आलाय आणि तीच भाकरी, तीच मटकी समोर आली की नको वाटतं. त्यात पुढ्यात भोगी, संक्रांत, गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) आणि हुरडा. सोलापुरात वजनाचे बेत मोडायचे तर याच पंधरवड्यात मोडतात.

"मन घट्ट करा" छापाचे सल्ले नकोत. कंटाळा खाण्याचा आहे, व्यायामाचा आहे की काट्याचा, हे आधी वेगळं करा आणि ज्याला जे ठाऊक आहे ते मापासकट लिहा.

वाटी_चमचा
४ जानेवारी, सकाळी ९:०५

आधी काटा, कारण निम्मा कंटाळा तिथूनच येतो.

सुरुवातीला जे दोन-तीन किलो झटकन गेलं, त्यात बरंच पाणी होतं. शरीरात ग्लायकोजेन नावाचा पिष्टाचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. जेवण घटलं की साठा उतरतो, पाणीही जातं. तो वेग परत येणार नाही. त्याची वाट बघत बसलं की कंटाळा आलाच.

पुढचा हिशेब असा. १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० ची तूट असेल, म्हणजे खर्चापेक्षा तेवढ्या कॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला साडेचारशे ग्रॅम जातात. पण अंग हलकं झालं की खर्चही घटतो. ढोबळ मानाने दर किलोमागे रोज २० ते २२ कॅलरी कमी लागतात. ८ किलो उतरलेल्या माणसाचा खर्च रोज पावणेदोनशेने कमी झालेला असतो. ताट तेच ठेवलं तर ५०० ची तूट सव्वातीनशेवर येते आणि आठवड्याला ३०० ग्रॅमच जातात. यात आळस नाही, शरीर बिघडलेलं नाही. वजाबाकी आहे.

हे ३०० ग्रॅम रोजच्या चढउतारात बुडून जातात. रात्री लोणचं-पापड जास्त झालं की सकाळी काटा किलोभर वर असू शकतो, आणि ते मीठाने धरलेलं पाणी असतं. म्हणून रोजचा आकडा वाचायचा नाही, लिहायचा. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी, काटा फरशीवर ठेवून. सतरंजीवर ठेवलेला काटा काहीही सांगतो. सात दिवसांची सरासरी काढायची आणि मागच्या सरासरीशी लावायची.

उदाहरण:
पहिला आठवडा ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७९.२, ७८.३, ७८.० (सरासरी ७८.५)
दुसरा आठवडा ७८.२, ७८.०, ७८.७, ७८.१, ७७.८, ७८.३, ७७.९ (सरासरी ७८.१४)

नुसता रविवार ते रविवार बघितला तर ७८.० चे ७७.९, म्हणजे शंभर ग्रॅम. माणूस वैतागून सोडून देतो. सरासरीत मात्र साडेतीनशे ग्रॅमपेक्षा जास्त गेलेत.

अक्काचा_तवा
४ जानेवारी, सकाळी ११:३०

वाटीदादा, एक भर. बायकांनी मागच्या आठवड्याशी तुलना करून उपयोग नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत अर्धा ते दोन किलो पाणी साठू शकतं. पाळीनंतरचा आठवडा मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी लावायचा. म्हणजे उत्तर महिन्यातून एकदाच मिळतं, पण खरं मिळतं.

आणि काट्याला जोडीदार म्हणून टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी. दर पंधरा दिवसांनी एकदा, त्याहून जास्त नको. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमीच्या आत राहायला सांगतात. काटा अडकलेल्या महिन्यात टेप हललेली असते, असं पुष्कळदा होतं.

सात_रस्ता
४ जानेवारी, दुपारी १२:१०

काट्याचं पटलं. खाण्याचं बोला की मालक. कंटाळा तर ताटाचाच यायलाय.

अक्काचा_तवा
४ जानेवारी, दुपारी ३:२०

ताटाचा कंटाळा येतोय ते चांगलंच आहे असं म्हटलं तर भांडू नका. समोर प्रकार जितके जास्त, तितकं माणूस जास्त खातं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. एका चवीने पोट भरलं तरी दुसऱ्या चवीला जागा निघते. लग्नात पोट तट्ट भरल्यावर जिलेबी आत जाते ती अशीच. म्हणून रोजची दोन जेवणं ठरलेली आणि साधी असावीत. आज काय करायचं हा प्रश्नच उरत नाही, मोजायची कटकटही जाते.

फक्त बेचव नकोत. पाया तोच, तोंडी लावणं रोज वेगळं. पाया म्हणजे ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी (२०० कॅलरी), ३० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ, १५० ग्रॅम दही. यात १८ ग्रॅम प्रोटीन बसतं. एका वेळेला हे कमीच आहे. सोबत २५ ग्रॅम सोयावडी घातली तर १३ ग्रॅम वाढतं, दोन अंडी घातली तर बारा-तेरा. प्रोटीन कमी पडलं की अकरा वाजता आणि पाच वाजता पोट कुरकुरतं, आणि लोक त्यालाच कंटाळा म्हणतात.

तोंडी लावणं पालटत राहा: एक दिवस कच्च्या मेथीचा घोळाणा, एक दिवस मुळा-कांदापात, एक दिवस भाजलेल्या मिरचीचा ठेचा, एक दिवस दह्यात कालवलेली काकडी. यातलं काही तोंडी लावण्यापुरतं खाल्लं तर तीस-चाळीस कॅलरींच्या वर जात नाही, तेल आणि कूट आवरलं तर.

आता सोलापूरचा मुद्दा. शेंगाचटणी. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. चटणी कुटताना तेल सुटतं, वर आपण आणखी तेल सोडतो. जेवणाचा भरगच्च चमचा १५ ग्रॅमचा. असे दोन म्हणजे १६५, वर एक चहाचा चमचा तेल ४५. म्हणजे चटणीबरोबर आणखी एक भाकरी न दिसता पोटात गेली. चटणी सोडायची नाही, सोलापुरात राहून ते जमणारही नाही. चहाचा सपाट चमचा, एकदा, ताटात काढून. बरणी ताटाशेजारी ठेवून जेवायला बसायचं नाही. कारळ्याची आणि जवसाची हलकी असते असा समज आहे, तो चुकीचा. त्याही जवळपास तितक्याच जड.

सात_रस्ता
४ जानेवारी, दुपारी ४:००

आणि कडक भाकरी? ती तर हलकी असते ना? पापडासारखी मोडते.

वाटी_चमचा
४ जानेवारी, दुपारी ४:२५

हाताला हलकी. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

५० ग्रॅम पिठाची मऊ भाकरी उतरते तेव्हा साधारण ७५ ग्रॅम भरते, कारण त्यात पाणी असतं. तीच कडक केली की पाणी उडतं आणि वजन पन्नाशीवर येतं. पीठ तेवढंच, कॅलरी तेवढ्याच, म्हणजे १७० च्या आसपास. पण १०० ग्रॅम भाकरी अशी नोंद केली तर मऊ भाकरीचे सव्वादोनशे होतात आणि कडकचे ३४० च्या आसपास. शिवाय कडक भाकरी चुरून आमटीत टाकली की तीन कधी संपल्या कळत नाही. म्हणून भाकरी मोजू नका, पीठ मोजा. काठवटीत घ्यायच्या आधी काट्यावर. आठवडाभर मोजलं की हाताला माप बसतं, नंतर महिन्यातून एकदा ताडून बघितलं तरी चालतं.

तेलाचंही असंच. पळीने तेल घालणाऱ्या घरात रोजचं मोजणं अवघड, मग महिन्याचं मोजा. घरात किती लिटर संपलं भागिले किती माणसं. माणशी एक लिटर निघालं तर रोजचं ३३ मिली, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी फक्त तेलाच्या. ते पाऊण लिटरवर आणलं तर ताटातलं काही न काढता रोज सत्तर कॅलरी वाचतात.

बिनसाखर
४ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

अक्का, साध्या जेवणाचं अर्धंच पटलं. दोन महिने मटकी खाऊन माणूस तिसऱ्या महिन्यात पार्क चौकातल्या गाड्यांवर सुटतो आणि एका संध्याकाळी चार दिवसांची तूट भरून काढतो. आठवड्यात २१ जेवणं असतात. त्यातली दोन आधी ठरवून मोकळी ठेवा. वार ठरलेला, जागा ठरलेली, आणि ते जेवण भुकेल्या पोटी नाही. जायच्या आधी एक वाटी दही नाहीतर मूठभर फुटाणे. "चीट डे" हा शब्द मात्र टाका. दिवसभराची मोकळीक दिली की दोन-अडीच हजार जास्त सहज जातात. मोकळं असतं ते जेवण, अख्खा दिवस नाही.

अक्काचा_तवा
४ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

२१ पैकी दोन मान्य. तीन नाही.

लूमची_पाळी
४ जानेवारी, रात्री १०:४५

काय करलालाव बे सगळे, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच धरून चाललाव. टॉवेल कारखान्यात, मागावर बारा तासांची पाळी असती, आठवड्याला पालटती. सकाळचं वजन कुठल्या सकाळचं घ्यायचं?

वाटी_चमचा
४ जानेवारी, रात्री ११:२०

घड्याळाची सकाळ धरू नका. मोठी झोप झाल्यावर, काही खाण्याआधी, मग ते दुपारचे तीन का असेनात. पाळी पालटते त्या दोन दिवसांचे आकडे लिहा पण सरासरीत धरू नका. झोप विस्कटली की पाणी आणि भूक दोन्ही विस्कटतात.

मागावर उभं राहणाऱ्याने वर आणखी तासभर चालायचं ठरवू नये. दिवसभर फेऱ्या झालेल्याच असतात. आठवड्यात दोनदा ताकदीचा व्यायाम पुरे. गळती चहात असते. पाळीत सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे २४० कॅलरी फक्त साखरेच्या. एकदम बंद केली तर चौथ्या दिवशी परत येते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्यात शून्यावर याल. डबा पाळीला जायच्या आधी भरून ठेवा, आणि मुख्य जेवण कामावर जायच्या आधी. रात्री तीन वाजता पोट रिकामं असलं की बाहेरच्या गाडीवरचा वडापाव जिंकतो.

कंबर_तलाव_६वाजता
५ जानेवारी, सकाळी ८:००

व्यायामाचा कंटाळा वेगळा. ताटात तोचतोचपणा चालतो, पायांना चालत नाही. रोज तोच रस्ता, तोच वेग, ४५ मिनिटं. शरीर त्याला सरावतं आणि डोकं त्याच्या आधी.

चालण्याचे तीन प्रकार करा, आठवड्यात वाटून. पहिला, सावकाश आणि लांब: तासभर ते सव्वा तास, रविवारी. दुसरा, ३ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू, अशा ५ फेऱ्या. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठाने मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांवर ही पद्धत तपासली होती. ताकद आणि दम नेहमीच्या चालण्यापेक्षा चांगले वाढले, रक्तदाबही जास्त उतरला. "जोरात" म्हणजे एखादं वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. तिसरा, कामाचं चालणं: भाजी, बँक, देवळात जाणं, गाडी न काढता. तो व्यायामात धरू नका, पण पावलांत धरा.

पावलांवरून आठवलं. दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलांचा मापक". सध्या पाच हजार होत असतील तर साडेसहा हजार हे चांगलं लक्ष्य आहे. रोज दहा हजार चुकवून रोज हरल्यासारखं वाटून घेण्यात अर्थ नाही.

गड्डा बसला की होम मैदान फिरायला उरत नाही. तिथे जाणाऱ्यांनी आत्ताच दुसरी जागा ठरवून ठेवा, कंबर तलावाची बाजू किंवा विजापूर रोडचं वनविहार. "उद्या बघू कुठे जायचं" म्हणत या दोन आठवड्यांत चालणं तुटतं, आणि मग ते थेट शिवजयंतीलाच आठवतं.

बिनसाखर
५ जानेवारी, सकाळी ८:४०

फोनवर ऐकायची मालिका लावता येते. अट एकच, ती फक्त चालतानाच ऐकायची, घरी नाही. पुढचा भाग ऐकायला चप्पल घालावी लागली पाहिजे. वाहतुकीच्या रस्त्यावर मात्र एकाच कानात.

कंबर_तलाव_६वाजता
५ जानेवारी, सकाळी ९:१५

हो, ती युक्ती चालते.

ताकदीचं राहिलं. वजनाचा आकडा उतरता असतो आणि दिवसेंदिवस हळू होत जातो. त्याच्या शेजारी एखादा चढता आकडा ठेवला तर वहीत बघण्यासारखं काहीतरी राहतं. आठवड्यात दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून, चार हालचाली:

बैठका (गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर टेकून उठणं), भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर, पाण्याचा कॅन कमरेतून वाकून वर ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. प्रत्येकी ३ फेऱ्या, ८ ते १२ वेळा.

तिन्ही फेऱ्यांत १२ झाले की मगच वाढवायचं. बैठकीला ५ लिटरचा भरलेला कॅन छातीशी धरला की ५ किलो वाढले. जोराला भिंत, मग ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन असं उतरत जायचं. प्रत्येक वेळचा आकडा वहीत. पहिले दोन-तीन आठवडे स्नायूंत पाणी साठून काटा थोडा वर जातो. नेमकं तेव्हाच लोक "व्यायामाने वजन वाढलं" म्हणून सोडतात.

सात_रस्ता
५ जानेवारी, दुपारी १:३०

होय की, सवय २१ दिवसांत लागते म्हणतात. दोन महिने झाले तरी रोज ढकलावंच लागत असेल तर काय चुकतंय?

वाटी_चमचा
५ जानेवारी, दुपारी २:१०

२१ चा आकडा चुकतोय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ वर गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायाम उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणजे दोन महिन्यांनी ढकलावं लागणं अगदी नेहमीचं आहे.

ढकलायला सोपं जावं म्हणून "जर-तर" लिहून ठेवा, मोघम नको. "कमी खाईन" हे कामाचं नाही. "नवी पेठेत चहाला थांबलो तर बिनसाखरेचा अर्धा घेईन, खारी घेणार नाही" हे कामाचं. आणि वाईट दिवसाचं माप वेगळं ठरवा: १० मिनिटं चालणं आणि एक प्रोटीनचा पदार्थ. तेवढं झालं की दिवस भरला, वहीत खूण.

काठवट
५ जानेवारी, संध्याकाळी ७:००

आता सणाचं. भोगी ते गड्डा.

अक्काचा_तवा
५ जानेवारी, रात्री ८:३०

हा पंधरवडा वजन उतरवायचा धरूच नका. टिकवायचा धरा. १२ ते २६ जानेवारी, तारखा आत्ताच वहीत लिहा. सध्या जे खाता त्यावर रोज सुमारे ३०० कॅलरी वाढवायच्या, म्हणजे तूट जवळपास शून्य होते.

भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी यात मुळात वाईट काही नाही, लोण्याचा गोळा तेवढा चहाच्या चमच्याने. शेंगापोळीचा हिशेब मात्र डोळे उघडतो: ३० ग्रॅम कूट १७०, ३० ग्रॅम गूळ ११५, ३० ग्रॅम कणीक १००, वर चमचाभर तूप ४५. एक पोळी ४३०. एक खा, दुपारच्या जेवणाऐवजी, सोबत दही. तीन खाऊन रात्री उपाशी राहणं यात दुसऱ्या दिवशीची भूक दुप्पट होते. तिळगुळाचा १५ ग्रॅमचा लाडू सत्तरचा. हुरड्यात हुरडा जड नसतो, त्याच्याबरोबरची शेव, गूळ आणि चटणी जड असते.

बिनसाखर
५ जानेवारी, रात्री ९:१०

विरोध. सुट्टी दिली की परत येत नाहीत लोक. पंधरवड्याचा फेब्रुवारी होतो, मग लग्नसराई.

अक्काचा_तवा
५ जानेवारी, रात्री ९:४०

सुट्टी म्हटलं की होतंच तसं. इथे तीन गोष्टी सुटत नाहीत: रोज काटा, प्रोटीन आणि पावलं. फक्त तूट थांबते. अशा विश्रांतीने चरबी जास्त जळते का यावर अभ्यास एकमताचे नाहीत, म्हणून ते कारण सांगतच नाही. सणाला रोज चुकल्याची टोचणी नसली की २७ तारखेला परत बसणं सोपं जातं, एवढंच.

काटा या दिवसांत अर्धा ते एक किलो वर जाईल. पिष्टाचा साठा भरला आणि मीठ वाढलं, दुसरं काही नाही.

कंबर_तलाव_६वाजता
५ जानेवारी, रात्री १०:०५

यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर ६८ लिंगांच्या फेरीला चालणाऱ्यांनी त्या दिवशी वेगळा व्यायाम धरू नये. अनवाणी चाललात तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि तळवे दुखतात, बैठका दोन दिवसांनी.

वाटी_चमचा
६ जानेवारी, सकाळी ७:३०

एक गोष्ट कंटाळ्याच्या नावाखाली लपते, ती लिहून ठेवतो. चक्कर, सतत थंडी वाजणं, मूठभर केस गळणं, पाळी चुकणं, दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन न लागणं, याला कंटाळा म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. आठवड्याला दीड किलोच्या वर उतरत असेल तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, तेव्हा खाणं वाढवा. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी कमी करण्याआधी डोस विचारून घ्या, साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी वरची प्रोटीनची मापं तशीच उचलू नयेत.

सात_रस्ता
६ जानेवारी, सकाळी ८:१०

२७ तारखेला काटा एक किलो वर दिसला तर ते पाणी की शेंगापोळी, हे कळायचं कसं?

वाटी_चमचा
६ जानेवारी, सकाळी ८:२५

२७ ला कळणार नाही. पाणी उतरायला आठवडा द्या. ५ ते ११ जानेवारीची सरासरी आजपासूनच काढायला घ्या आणि ती ३ ते ९ फेब्रुवारीच्या सरासरीशी लावा. दोन्हींत अर्ध्या किलोपेक्षा कमी फरक असला तर पंधरवडा टिकला. मधल्या दिवसांचे आकडे लिहायचे, बघायचे नाहीत. आणि काट्यातले सेल बदलून घ्या, सेल उतरले की तोही मनाला येईल ते दाखवतो.